संत बहिणाबाई

संत बहिणाबाई (इ.स. १६२८, देवगाव रंगारी – २ ऑक्टोबर १७००, शिऊर) या सतराव्या शतकातील वारकरी संप्रदायातील संतकवयित्री होत. त्या संत तुकारामांच्या शिष्या होत्या. वेदाध्ययन आणि संस्कृत विद्या स्त्रियांना बंद असण्याच्या काळात त्यांनी श्रवण, कीर्तन, संतसंग आणि घरातील संवाद यांच्या आधारे अध्यात्मविचार आत्मसात केला व तो मराठी अभंगांत मांडला. स्वतःच्या आयुष्याची हकिकत त्यांनी अभंगरूपाने सांगितली असून मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत तिची गणना होते. ब्राह्मण कोणास म्हणावे या प्रश्नाचा ऊहापोह करणाऱ्या वज्रसूची या संस्कृत ग्रंथाचा आशय त्यांनी मराठीत आणला.

खानदेशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या वेगळ्या व सुमारे अडीच शतकांनंतरच्या होत. नामसाधर्म्यामुळे दोघींच्या रचनांबाबत अनेकदा गोंधळ होतो. तो टाळण्यासाठी प्रस्तुत संत बहिणाबाईंचा उल्लेख शिऊरच्या बहिणाबाई किंवा शिऊरकर असाही केला जातो.

जन्म आणि बालपण

बहिणाबाईंचा जन्म शके १५५० मध्ये देवगाव येथे झाला. वेरूळच्या परिसरातील हे गाव आज देवगाव रंगारी या नावाने ओळखले जाते व ते छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात आहे. वडिलांचे नाव आऊजी कुलकर्णी व आईचे जानकी. आऊजींकडे गावचे कुलकर्णीपण होते. जमीन-महसुलाचे दप्तर सांभाळणे हे कुलकर्ण्याचे काम असल्याने घरात लेखन-वाचनाचा वावर होता. दीर्घकाळ अपत्य नसलेल्या या दांपत्याला देवाराधनेनंतर ही कन्या झाली, असे बहिणाबाईंनी आत्मनिवेदनात सांगितले आहे.

तो काळ दख्खनच्या अस्वस्थतेचा होता. १६३० ते १६३२ या वर्षांत मोठा दुष्काळ पडला. १६३३ मध्ये देवगावापासून जवळच असलेला दौलताबादचा किल्ला मोगलांनी घेतला आणि १६३६ मध्ये निजामशाही संपुष्टात आली. गावोगावचे वतनदार, भिक्षुक आणि शेतकरी या उलथापालथीत भरडले जात होते.

समवयस्क मुली खेळात रमलेल्या असताना आपल्याला देवाचे नाव घेण्याची आवड होती, अशी बालपणाची आठवण बहिणाबाईंनी नोंदवली आहे.

विवाह आणि भ्रमंती

वयाच्या तिसऱ्या वर्षी बहिणाबाईंचा विवाह शिऊर येथील पाठक घराण्यातील तीस वर्षांच्या बिजवराशी झाला. पतीचे नाव काही ठिकाणी रत्नाकर, तर काही ठिकाणी गंगाधर असे आढळते. ते वेदपाठी ब्राह्मण होते व भिक्षुकीवर त्यांचा चरितार्थ चाले. शिऊर हे गाव आजच्या वैजापूर तालुक्यात, देवगावच्या शेजारच्या मुलुखात आहे. लहानपणी बहिणाबाई माहेरीच राहत होत्या.

बहिणाबाई नऊ वर्षांच्या सुमाराच्या असताना भाऊबंदकीतील तंटा आणि कर्ज यांमुळे आऊजींवर देवगाव सोडण्याची पाळी आली. जावयाच्या मदतीने हे कुटुंब रात्रीच्या वेळी गावाबाहेर पडले. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी भिक्षा मागत प्रवासात काढली. गोदावरीकाठची क्षेत्रे, पंढरपूर, शिखर शिंगणापूर असा त्यांचा मार्ग होता. सातारा भागातील रहिमतपूर येथे त्यांचा काही काळ मुक्काम झाला व तेथून ते कोल्हापूरला गेले.

या भ्रमंतीने बहिणाबाईंचे गाव आणि नातलग सुटले, परंतु त्याच वाटेवर त्यांना वारकरी परंपरेची ओळख झाली. पंढरपूरचे विठ्ठलदर्शन, वाटेवरच्या देवळांतील पुराणे आणि हरिदासांची कीर्तने यांतून देव, भक्ती, संत, सद्‌गुरू हे शब्द त्यांच्या कानी सतत पडत राहिले.

कोल्हापुरातील वास्तव्य

कोल्हापुरात हे कुटुंब हिरंभट नावाच्या विद्वान ब्राह्मणाच्या घरी उतरले. बहिणाबाई तेव्हा अकरा वर्षांच्या सुमाराच्या होत्या. नगरात पुराणश्रवण व कीर्तने नित्य होत असत. त्यांतही जयराम गोसावी यांच्या कीर्तनांचा बहिणाबाईंवर खोल परिणाम झाला. हे जयराम गोसावी म्हणजेच रामदासी परंपरेत रामदासपंचायतनात ज्यांची गणना होते ते जयरामस्वामी वडगावकर, असे मानले जाते. त्यांच्या कीर्तनांत तुकारामांचे अभंग गायिले जात. तुकारामांना पाहण्यापूर्वी बहिणाबाईंनी त्यांची वाणी ऐकली ती अशी, दुसऱ्याच्या मुखातून.

कीर्तनात एखादे सूत्र घेऊन त्याचे निरूपण केले जाते, दृष्टान्ताने ते उलगडले जाते आणि कथेने श्रोत्याच्या मनात उतरवले जाते. टाळ-मृदंगाच्या साथीने होणारा नामघोष त्या विचाराला सामूहिक उच्चाराचे रूप देतो. वैराग्य, माया, अद्वैत यांसारख्या कल्पना ग्रंथांतून शिकण्याचा मार्ग नसलेल्या श्रोत्यांसाठी कीर्तन हीच पाठशाळा होती. स्त्रिया, शेतकरी, कारागीर आणि विद्वान ब्राह्मण एकाच मंडपात बसून तेच शब्द ऐकत असत.

वासराची कथा

बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग याच काळातील आहे. हिरंभटांना दान मिळालेली सवत्स गाय त्यांनी बहिणाबाईंच्या पतीला दिली. गाईच्या काळ्या वासराला बहिणाबाईंचा इतका लळा लागला, की ते त्यांच्यामागोमाग पाणवठ्यावर, पुराणाला आणि कीर्तनालाही जाऊ लागले. एके दिवशी गर्दीमुळे वासराला कीर्तनमंडपातून बाहेर काढण्यात आले. बहिणाबाई व्याकूळ झाल्या. ही गोष्ट समजताच जयराम गोसाव्यांनी वासराला आत आणवले आणि दोघांच्याही मस्तकावर हात ठेवून कृपा दर्शवली.

हे वृत्त गावभर झाले. आपल्या पत्नीची अशी चर्चा व्हावी, हे पतीला अपमानास्पद वाटले. त्यांनी बहिणाबाईंना मारहाण करून बांधून ठेवले. गाईने व वासराने चारापाणी सोडले आणि त्यातच वासराचा अंत झाला. मरणसमयी हिरंभटांनी मुक्यालाही बोलके करणाऱ्या ईश्वरकृपेविषयीच्या प्रसिद्ध संस्कृत श्लोकाचा अर्धा भाग म्हटला व उरलेला अर्धा वासराने पूर्ण केला, अशी हकिकत आत्मनिवेदनात आहे. वासराला भजनाच्या गजरात पुरण्यात आले. बहिणाबाई काही दिवस बेशुद्धावस्थेत होत्या.

या प्रसंगाचा अर्थ तत्कालीन लोकांनी योगभ्रष्ट या संकल्पनेने लावला. साधना अपुरी राहिलेला जीव पुढील जन्मी ती पूर्ण करतो, असा विचार भगवद्‌गीतेच्या सहाव्या अध्यायात आला आहे. कोल्हापूरकरांना तो वासराच्या रूपाने डोळ्यांसमोर दिसला. पुढे बहिणाबाईंच्या रचनांत पूर्वजन्मांच्या विचाराला जे मध्यवर्ती स्थान मिळाले, त्याचा एक उगम अभ्यासक या अनुभवात पाहतात.

स्वप्नानुग्रह

वासराच्या मृत्यूनंतर बहिणाबाईंना तुकारामांच्या भेटीचा ध्यास लागला. पाण्यावाचून तडफडणाऱ्या मासोळीच्या उपमेने त्यांनी ही अवस्था वर्णिली आहे. अखेर कार्तिक वद्य पंचमीस स्वप्नात तुकारामांनी दर्शन देऊन मंत्रोपदेश केला, असे त्या सांगतात. रामकृष्णहरी हा तो वारकरी परंपरेतील मंत्र होय. तुकारामांनाही त्यांचे गुरू बाबाजी चैतन्य यांचा अनुग्रह स्वप्नातच झाला होता, त्यामुळे या प्रकारच्या अनुग्रहाला संप्रदायात पूर्वाधार होता.

गुरू ही संकल्पना येथे नेहमीच्या चौकटीबाहेर गेली. प्रचलित रीतीप्रमाणे विवाहित स्त्रीचा गुरू तिचा पती मानला जाई आणि ब्राह्मणाचा गुरू ब्राह्मणच असावा अशी अपेक्षा असे. बहिणाबाईंनी ज्यांना गुरू मानले ते कुणबी कुळातील, वाण्याचा व्यवसाय केलेले, देहूचे तुकोबा होते. त्यांची प्रत्यक्ष भेटही अद्याप झालेली नव्हती. अभंगवाणीच्या आधारे जडलेले हे नाते त्यांनी जन्मभर मानले.

पतीचा विरोध

पती वेदाभ्यासी होते. शूद्र मानल्या गेलेल्या संताचा अनुग्रह पत्नीने स्वीकारावा आणि तिच्या दर्शनाला लोकांनी गर्दी करावी, हे त्यांना असह्य झाले. बहिणाबाई तेव्हा गर्भवती होत्या. पत्नीला माहेरच्या माणसांत ठेवून आपण विरक्त होऊन निघून जावे, असा निश्चय पतीने केला.

या वेळची बहिणाबाईंची मनःस्थिती त्यांच्या रचनांत स्पष्ट उमटली आहे. एका बाजूस पतिव्रताधर्म व दुसऱ्या बाजूस भक्ती अशी ओढाताण होती. दगडाची विठ्ठलमूर्ती आणि स्वप्नात भेटलेला संत यांच्यासाठी प्रत्यक्ष समोर असलेल्या पतीला अंतरावे काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला घातला व पतीच्या सेवेतच राहण्याचे ठरवले. हा निर्णय काही अभ्यासकांना शरणागतीचा वाटतो, तर काहींच्या मते पतीच्या ठायीच विठ्ठल पाहून बहिणाबाईंनी दोन्ही धर्म एकत्र सांधले. कसेही असले, तरी त्यांनी नामस्मरण सोडले नाही.

त्यानंतर पती गंभीर आजारी पडले. औषधांचा गुण येईना. बहिणाबाईंनी अहोरात्र शुश्रूषा केली. तुकारामांच्या केलेल्या निंदेचे हे फळ आहे काय, असा विचार पतीच्या मनात आला. एका वृद्ध ब्राह्मणाने येऊन पत्नीचा स्वीकार करण्याचा उपदेश केला, असे आत्मनिवेदन सांगते. ते बरे झाले आणि त्यांचा विरोध मावळला. गुरुत्वाविषयीचे जे मत शास्त्रार्थाने बदलले नसते, ते आजारपण आणि शुश्रूषेच्या अनुभवाने बदलले. पुढे सर्व कुटुंब देहूला गेले.

देहू येथील वास्तव्य

देहूला बहिणाबाईंना तुकारामांचे प्रत्यक्ष दर्शन घडले. कुटुंबाच्या मुक्कामाची व जेवणाची सोय तेथील कोंडाजी नावाच्या गृहस्थाने केली. तुकारामांचे नित्य कीर्तन ऐकणे हा बहिणाबाईंचा दिनक्रम झाला. देहू येथेच त्यांना कन्या झाली व तिचे नाव काशी ठेवण्यात आले.

देहूतील मंबाजी गोसावी यांनी या कुटुंबाने आपले शिष्यत्व पत्करावे अशी अपेक्षा धरली. नकार मिळाल्यावर त्यांनी नाना प्रकारे त्रास दिला. शूद्र कीर्तन करतो आणि ब्राह्मण त्याच्या पाया पडतात, अशी तक्रार त्यांनी पुण्याच्या आप्पाजी गोसावी यांच्याकडे पत्राने केल्याचा उल्लेख बहिणाबाईंनी केला आहे. त्यांची गाय मंबाजीने बांधून मारली व त्या माराचे वळ तुकारामांच्या पाठीवर उमटले, अशीही कथा त्या सांगतात.

या रचनांना ऐतिहासिक दृष्ट्या विशेष मोल आहे. तुकारामांविषयीची बहुतेक चरित्रपर माहिती नंतरच्या काळातील, विशेषतः अठराव्या शतकातील महिपतींच्या ग्रंथांतून येते. बहिणाबाई मात्र समकालीन व प्रत्यक्षदर्शी होत्या. तुकारामांच्या अभंगांच्या वह्या तेरा दिवस पाण्यात राहूनही टिकल्या, ही कथा त्या काळीच लोकांत रूढ होती, हे त्यांच्या उल्लेखावरून कळते.

शिऊर येथील उत्तरायुष्य

देहूनंतर हे कुटुंब पुन्हा आपल्या मुलुखात, शिऊरला परतले. तेथे बहिणाबाईंना विठ्ठल ऊर्फ विठोबा हा पुत्र झाला. पुढील दीर्घकाळ त्यांनी प्रपंच सांभाळत अभंगरचना, नामस्मरण आणि निरूपण यांत घालवला. समर्थ रामदासांशीही त्यांचा संबंध आल्याचे परंपरा सांगते व शिऊरच्या परंपरेत वारकरी आणि रामदासी असे दोन्ही धागे आढळतात.

ग्रंथरचना

बहिणाबाईंच्या रचना मुख्यतः अभंग छंदात आहेत. अभंगाच्या शेवटी येणारी बहिणी ही त्यांची नाममुद्रा होय. त्यांच्या गाथेत आत्मनिवेदन, पूर्वजन्मांची हकिकत, संतमाहात्म्य, भक्ती, मन, विवेक, पतिव्रताधर्म, ब्राह्मण्य व पंढरीमाहात्म्य अशा विषयांवरील अभंग आढळतात.

वज्रसूची

ब्राह्मण्यविषयक अभंगांत बहिणाबाईंनी वज्रसूचीचा आशय मराठीत आणला आहे. वज्रसूचिकोपनिषद हे सामवेदाशी संबंधित उपनिषदांत गणले जाते, तर बौद्ध पंडित अश्वघोष यांच्या नावावरही वज्रसूची नावाचा ग्रंथ आहे. नावाचा अर्थ हिऱ्याची सुई असा असून कठीण अज्ञान भेदणारे शास्त्र असा त्याचा रोख आहे.

उपनिषदातील विवेचन प्रश्नरूपाने पुढे सरकते. ब्राह्मण म्हणजे नेमके काय, हा मूळ प्रश्न आहे व त्याची सहा संभाव्य उत्तरे एकामागून एक तपासली जातात.

जीव हा ब्राह्मण नव्हे, कारण एकच जीव अनेक देहांतून फिरतो. देह हा ब्राह्मण नव्हे, कारण सर्वांचे देह पंचमहाभूतांचेच असतात, जरा व मरण सर्वांना सारखेच असते आणि वर्णांनुसार शरीरांचे रंग ठरलेले नसतात. देहच ब्राह्मण असता, तर मृत पित्याला अग्नी देणाऱ्या पुत्राला ब्रह्महत्येचे पाप लागले असते. जन्म किंवा जाती हेही ब्राह्मण्य नव्हे, कारण व्यास कोळीणीच्या पोटी जन्मले, वसिष्ठ उर्वशीचे पुत्र मानले जातात, अगस्त्य घटातून तर ऋष्यशृंग हरिणीपासून जन्मले, तरीही ते ऋषी म्हणून पूज्य ठरले. ज्ञान हे लक्षण धरावे, तर क्षत्रियांतही तत्त्वज्ञानी होऊन गेले. कर्म धरावे, तर प्रारब्धादी कर्मांनी सर्वच प्राणी बांधलेले आहेत. दानधर्म धरावा, तर दान करणारे सर्व वर्णांत आहेत. शेवटी ज्याला अद्वितीय आत्म्याचा साक्षात्कार झाला व जो काम, क्रोध, मत्सर, दंभ यांपासून मुक्त झाला, तोच ब्राह्मण, असा निर्णय येतो.

हा विषय बहिणाबाईंसाठी केवळ शास्त्रचर्चेचा नव्हता. ब्राह्मण या शब्दाच्या अर्थावरूनच त्यांच्या घरात संघर्ष झाला होता व देहूत तुकारामांना विरोध होत होता. ज्या विचाराची मूळ भाषा संस्कृत होती व जो विद्वानांच्या वर्तुळात राहिला असता, तो त्यांनी अभंगात आणल्यामुळे सामान्य श्रोत्यांच्या बोलण्यात येऊ शकला.

संकल्पना आणि भाषा

आत्मा, ब्रह्म, माया, गुरुकृपा या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचा अर्थ शब्दांच्या वापरातून, उपमांतून आणि माणसांच्या परस्परव्यवहारातून घडतो. बहिणाबाईंचे चरित्र या प्रक्रियेचे एक ठळक उदाहरण मानता येते. वेद ऐकण्याचा, मंत्र जपण्याचा अधिकार स्त्रीदेहामुळे आपल्याला नाही, याची खंत त्यांनी अभंगांत व्यक्त केली आहे. पतीच्या मुखी वेद होता, परंतु पत्नीसाठी तो बंद होता. त्यामुळे त्यांचे शिक्षण ऐकीव शब्दांवर, प्रश्नोत्तरांवर आणि अनुभवाशी त्यांचा मेळ घालण्यावर उभे राहिले.

या शिक्षणाच्या तीन पायऱ्या त्यांच्या रचनांतून दिसतात. पहिली पायरी श्रवणाची. कीर्तनात ऐकलेला शब्द सुरुवातीला केवळ नाद म्हणून मनात राहतो. दुसरी पायरी अनुभवाची. वासराचा लळा, मारहाण, पतीचे आजारपण यांसारख्या प्रसंगांत तो शब्द अर्थ धारण करतो. कृपा म्हणजे काय, हे बहिणाबाईंना मस्तकावर ठेवलेल्या हातातून कळले. तिसरी पायरी कथनाची. समजलेला अर्थ दुसऱ्याला सांगताना तो अधिक स्पष्ट होतो. आत्मनिवेदनपर अभंग हे अशा कथनाचेच फलित आहेत.

अमूर्त कल्पनेला मूर्त रूप देण्याचे त्यांचे कौशल्य वारकरी संप्रदायाच्या वाटचालीवरील प्रसिद्ध अभंगात विशेष दिसते. संप्रदाय ही एक इमारत कल्पून ज्ञानदेवांनी तिचा पाया घातला, नामदेवांनी तिचा विस्तार केला, एकनाथांनी भागवताचा खांब उभारला व तुकाराम तिचा कळस झाले, असे रूपक त्यांनी योजले आहे. स्वतःला त्यांनी त्यावर फडकणाऱ्या ध्वजाची जागा दिली. सुमारे चार शतकांचा इतिहास आणि परंपरा ही कल्पना या रूपकामुळे निरक्षर श्रोत्यालाही एका दृष्टिक्षेपात आकळते. आजही वारकरी परंपरेचा परिचय करून देताना पाया व कळस हेच शब्द सहज वापरले जातात.

मात्र या विचाराच्या मर्यादाही त्यांच्या रचनांत आहेत. पतिव्रताधर्मावरील अभंगांत त्यांनी स्त्रीच्या पतिनिष्ठेचा प्रचलित आदर्शच मांडला आहे. ब्राह्मण या संकल्पनेची त्यांनी जितकी कसून तपासणी केली, तितकी पत्नी या संकल्पनेची केलेली आढळत नाही. तरीही स्वतःवर झालेल्या मारहाणीची नोंद त्यांनी न लपवता ठेवली आहे. त्या काळातील स्त्रीच्या कौटुंबिक जीवनाचा इतका थेट पुरावा मराठी वाङ्मयात दुर्मीळ आहे.

पूर्वजन्मांचे कथन आणि निर्वाण

वयाच्या ७२ व्या वर्षी बहिणाबाईंना आपला अंतकाळ जवळ आल्याचे जाणवले. पुत्र विठोबा पत्नीच्या उत्तरक्रियेसाठी बाहेरगावी गेला होता. त्याला त्यांनी बोलावून घेतले. अखेरच्या दिवसांत मातापुत्रांचा झालेला संवाद अभंगरूपाने उपलब्ध आहे. त्यात पुत्राच्या प्रश्नांना उत्तर देताना बहिणाबाईंनी आपल्या मागील बारा जन्मांची हकिकत सांगितली असून चालू जन्म हा तेरावा व शेवटचा असल्याचे म्हटले आहे. काही पूर्वजन्मांतही हा पुत्र आपल्यासोबत होता, असे त्या सांगतात. पुनर्जन्म आणि मुक्ती यांविषयीचा विचार येथे आई व मुलगा यांच्या नात्याच्या इतिहासासारखा उलगडत जातो. मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या आईने मुलाची केलेली ही समजूतही आहे.

आश्विन शुद्ध प्रतिपदा, शके १६२२ (२ ऑक्टोबर १७००) रोजी शिऊर येथे बहिणाबाईंचे देहावसान झाले. त्यांची समाधी शिऊर येथे आहे.

हस्तलिखिते, आवृत्त्या आणि अभ्यास

बहिणाबाईंच्या अभंगांची हस्तलिखिते शिऊर येथील परंपरेत जतन झाली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उमरखाने यांनी त्यांची गाथा प्रसिद्ध केली आणि त्यामुळे मराठी वाचकांना या कवयित्रीची नव्याने ओळख झाली. महाराष्ट्रातील संतकवींच्या इंग्रजी अनुवादांची मालिका चालवणारे जस्टिन ॲबट यांनी १९२९ मध्ये त्यांच्या आत्मचरित्राचा व निवडक अभंगांचा इंग्रजी अनुवाद प्रकाशित केला. १९७९ मध्ये शालिनी जावडेकर यांनी संपादित केलेली गाथा प्रसिद्ध झाली. १९८२ मध्ये ॲन फेल्डहाउस यांनी पत्नी व संत या दोन भूमिकांमधील ताणाच्या अंगाने बहिणाबाईंचा अभ्यास मांडला. सुझी थारू व के. ललिता यांनी संपादित केलेल्या भारतीय स्त्रियांच्या लेखनाच्या इंग्रजी संकलनातही (१९९१) त्यांच्या रचनांचा समावेश आहे.

स्त्री-अभ्यास, धर्मेतिहास आणि मराठी वाङ्मयेतिहास या तिन्ही क्षेत्रांत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनाला महत्त्व आहे. तुकारामांच्या चरित्राचे एक समकालीन साधन म्हणूनही संशोधक त्याकडे पाहतात. त्यातील चमत्कारकथांचा शब्दशः स्वीकार करावा, की त्या काळच्या श्रद्धा व समजुतींचे दर्शन म्हणून त्या वाचाव्यात, याविषयी अभ्यासकांत भिन्न मते आहेत.

वारसा

देवगाव रंगारी हे जन्मस्थान आणि शिऊर हे समाधिस्थान यांमुळे कन्नड–वैजापूर परिसराला वारकरी परंपरेत स्वतंत्र स्थान मिळाले आहे. मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा या वारकरी स्त्रीसंतांच्या मालिकेत बहिणाबाईंचे नाव घेतले जाते. तुकारामांना गुरुस्थानी मानणाऱ्या, ब्राह्मण कुळातील आणि संसारात राहून लिहिणाऱ्या संत म्हणून त्या या मालिकेत वेगळ्या ठरतात. संप्रदायाच्या इमारतीचे त्यांचे रूपक महाराष्ट्रभर कीर्तन-प्रवचनांतून आजही सांगितले जाते. ज्या कीर्तनातून बहिणाबाई शिकल्या, त्याच कीर्तनाच्या द्वारे त्यांचे शब्द पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचत राहिले आहेत.